सा तोच, जमीन हलती: हार्मोनिकावर ब्लूज शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

विद्यार्थिनी डोंबिवलीची, वय चाळिशीच्या आसपास. शाळेत असताना तीन वर्षं हार्मोनियम शिकलेली, त्यामुळे सरगम पक्की. घरात वडिलांचा चोवीस होलचा माउथ ऑर्गन होता, त्यावर हिंदी गाण्यांच्या चाली कानाने काढता येत होत्या. ब्लूज ऐकून आवड लागली, म्हणून दहा होलची सी पट्टीची, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एकची, डायटॉनिक (एकाच पट्टीचे सूर असलेली) हार्मोनिका घेतली. मोबाइलवर जी पट्टीतला बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) शफल, म्हणजे झुलत्या ठेक्याचा, ट्रॅक लावला, ब्लूज स्केलचा तक्ता पाठ केला आणि तीन आठवडे रोज अर्धा तास त्या ट्रॅकवर आपल्या मनाने वाजवून पाहिलं. तक्रार एवढीच: सूर तक्त्याप्रमाणे वाजवतेय, पण ऐकायला पलट्यांचा रियाझ वाटतो, ब्लूज नाही.

साहित्य योग्यच होतं, ही पहिली जमेची बाजू. पुष्कळ जण इथेच चुकतात. ट्रॅक जी पट्टीचा आहे म्हणून जी पट्टीची हार्मोनिका घेतात, किंवा घरातल्या चोवीस होलच्या ट्रेमोलोवरच ब्लूज काढायला बसतात. ट्रेमोलोत एका सुरासाठी किंचित वेगळ्या लावलेल्या दोन पत्त्या असतात आणि प्रत्येक पत्तीला स्वतंत्र खण असतो. सूर खाली वाकवायचा तर फुंकीची आणि ओढीची पत्ती एकाच खणात लागते. ती सोय ट्रेमोलोत नाही, म्हणून त्यावर बेंड होत नाही.

सी हार्मोनिकावर जी पट्टी का, हे आधी नीट पाहू. पुढे 'फुं' म्हणजे फुंकून, 'ओ' म्हणजे हवा आत ओढून, आणि ′ ही खूण म्हणजे अर्ध्या सुराचा बेंड. १ ते १० होलवर:

फुंक: सी ई जी सी ई जी सी ई जी सी
ओढ: डी जी बी डी एफ ए बी डी एफ ए

जर्मनीतल्या कारखान्यांनी ही मांडणी लोकगीतं आणि नाचाच्या चाली वाजवता याव्यात म्हणून वापरली. फुंकीत घरची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) सी, ओढीत तिला घरी परत आणणारी जी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी हे उलटं केलं. ओढीतली जी हेच घर मानलं आणि सीला पाहुणी केलं. ओढलेल्या पत्त्या वाकतात, रडतात, घशातून आल्यासारख्या वाजतात. घरचे सूर त्यांच्यावर आले की वाद्याचा स्वभावच बदलतो. या पद्धतीला क्रॉस हार्प किंवा दुसरी पोझिशन म्हणतात. हिशेब सोपा आहे: गाण्याच्या 'सा'पासून म मोजायचा, त्या पट्टीची हार्मोनिका घ्यायची. जीचा म सी, ईचा म ए, एचा म डी.

जी हा सा धरून वरच्या दोन ओळी वाचल्या तर फुंकीत म, ध, सा मिळतात आणि ओढीत प, सा, ग, प, कोमल नी, रे. कोमल नी सोडला तर सगळे शुद्ध. म्हणजे बेंड न करता हातात चक्क खमाज थाट आहे. ब्लूज स्केलला लागतात सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. यातले सा, म, प आणि कोमल नी तयार मिळतात. कोमल ग आणि तीव्र म बेंड करूनच काढावे लागतात. विद्यार्थिनीचा तक्ता असा होता: २ओ, ३ओ′, ४फुं, ४ओ′, ४ओ, ५ओ, ६फुं. तक्ता अचूक. पण बेंड तिला येत नव्हता, त्यामुळे ३ओ′ च्या जागी ती साधा ३ओ वाजवत होती आणि ४ओ′ गाळत होती. जे वाजत होतं ते ब्लूज स्केल नव्हतंच.

ध्वनिमुद्रणात काय सापडलं

६० च्या गतीला (मिनिटाला ६० मात्रा) बारा बारचा एक फेरा ४८ सेकंदांचा. अशा तीन फेऱ्यांचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बार मोजत ऐकलं. बारांचा आराखडा:

१ ते ४ जी, ५ आणि ६ सी, ७ आणि ८ जी, ९ डी, १० सी, ११ जी, १२ डी.

(काही ट्रॅकमध्ये दुसऱ्याच बारला सी येतो, त्याला क्विक चेंज म्हणतात. सुरुवातीला असे ट्रॅक बाजूला ठेवावेत.)

सगळ्यात मोठी चूक विसाव्याच्या सुराची होती. बहुतेक तुकडे ४फुं वर येऊन थांबत होते. चालींच्या सवयीने बोटांना म्हणा, ओठांना म्हणा, ४फुं हा सा वाटतो. पण जीच्या ट्रॅकवर तो म आहे. प्रत्येक वाक्य मवर संपलं तर ऐकणारा दारातच ताटकळतो. पाचव्या-सहाव्या बारला योगायोगाने हाच सूर सी कॉर्डचा मूळ सूर होता, म्हणून तेवढ्या आठ मात्रा एकदम छान वाजल्या. का छान वाजल्या हे तिला कळलं नव्हतं, आणि खरा धागा तिथेच होता.

दुसरी चूक नेमकी त्याच दोन बारांत. तिथे साधा ३ओ, म्हणजे बी, आला की दाताखाली खडा यावा तसं होत होतं. सी सेव्हन कॉर्डमध्ये सी, ई, जी आणि बी फ्लॅट (बीच्या अर्धा सूर खाली) असतात. बी हा बी फ्लॅट आणि सी या दोघांच्या मध्ये अडकतो. तोच ३ओ पहिल्या चार बारांत गोड लागतो, कारण तो जी कॉर्डचा शुद्ध ग आहे. वरच्या सप्तकात ७ओ लाही हेच लागू.

तिसरी चूक म्हणजे रिकामी जागाच नाही. तीन फेऱ्यांत श्वास घेण्यापुरतीसुद्धा ती थांबली नव्हती, आणि आठव्या बारपर्यंत आपण कुठे आहोत याचा पत्ता हरवत होता. नववा बार, जिथे डी येतो आणि गोष्ट वळण घेते, तीनही वेळा तिच्या नकळत निघून गेला.

श्वासाची गोष्ट याच्याशी जोडलेली. दुसऱ्या पोझिशनमध्ये बहुतेक काम ओढीवर चालतं. ६० च्या गतीला पहिले चार बार म्हणजे १६ सेकंद. एवढा वेळ फक्त ओढलं तर तिसऱ्या बारला छाती हवेने गच्च होते आणि सूर चिरका येतो. नवशिक्याला वाटतं दम कमी पडतोय. प्रत्यक्षात दम जास्त झालेला असतो.

आधी दोन छोट्या दुरुस्त्या

२ओ दबका वाजत होता, म्हणून हार्मोनिका सदोष आहे असा तिचा समज झाला होता. दुकानात परत करण्यापूर्वी एक चाचणी करावी: ३फुं आणि २ओ हा एकच सूर आहे, जी. एकापाठोपाठ वाजवून ट्यूनर ॲपवर पाहावं. ३फुं बरोबर आणि २ओ उतरलेला दिसला, आणि जोर निम्म्यावर आणताच तो वर चढला, तर पत्ती ठीक आहे. जोराने ओढताना जीभ मागे जाऊन नकळत अर्धवट बेंड होतोय. हार्मोनिका ओठांत आणखी आत घ्यायची, जबडा सैल सोडायचा आणि जांभई येताना हवा आत जाते तशी ओढायची. दोन दिवसांत २ओ मोकळा झाला. नाकातून हवा गळते का हेही तेव्हाच तपासलं. वाजवताना चिमटीत नाक धरून पाहायचं. सूर अचानक भरला तर गळती आहे. तिची होती.

पावसाळ्यात लाळ आणि दमट हवा यांनीही पत्त्या चिकटतात. वाजवून झाल्यावर होल खाली करून तळहातावर चार-पाच वेळा आपटावं आणि थोडा वेळ उघडी ठेवूनच डबीत घालावी. पेअरच्या लाकडाचा कोम (होल असलेला मधला सांगाडा) असलेल्या हार्मोनिका ओलाव्याने फुगतात. शिकायला प्लॅस्टिकचा कोम बरा.

नकाशा: सात मुक्काम, शून्य बेंड

पहिल्या आठवड्यात तक्ता बंद. फक्त प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, कॉर्ड बदलते त्या बारच्या पहिल्या मात्रेवर, दोन मात्रा लांब. बाकी शांतता.

बार १: २ओ. बार ५: ४फुं. बार ७: २ओ. बार ९: ४ओ. बार १०: ४फुं. बार ११: २ओ. बार १२: १ओ.

ऐकायला हे बाळबोध आहे आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळा येतो. पण या विद्यार्थिनीला नेमकं हेच हवं होतं, कारण तिची अडचण कानाच्या तयारीतून आलेली होती. हार्मोनियमवर शिकलेल्या कानाला सा एकदा लागला की लागला. तंबोरा हलत नाही. ब्लूजमध्येही सा हलत नाही, पण पायाखालची जमीन हलते. नवव्या बारला डीची कॉर्ड खाली असताना सावर थांबलात तर तोच सा अधांतरी लोंबकळतो. सा, ग, म हे नातं गाण्याशी जोडायचं आणि त्याच वेळी खालच्या कॉर्डशीही, असा दुहेरी हिशेब रागसंगीतात ठेवावा लागत नाही. तो अंगात मुरवायचा तर मूळ सुरांवर पाय ठेवत बारा बार चालून जाण्याइतका स्वस्त उपाय नाही.

मोजण्यासाठी तिच्याकडे आधीच एक हत्यार होतं. बारा बार गुणिले चार म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. एक बार म्हणजे एक विभाग. बार १, ५ आणि ९ ला सम. बार ३, ७ आणि ११ ला खाली. हाताने टाळी-खाली दाखवत तिने ट्रॅक नुसता ऐकला आणि पहिल्या बैठकीत नववा बार सापडला. ठेक्याचं साम्य मात्र इथेच संपतं. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात, पहिले दोन जोडून लांब, तिसरा तोकडा. तीनतालाचे बोल मनात म्हणत वाजवलं तर झोका निघून जातो. हिशेबापुरता तीनताल, बस.

प्रश्न आणि उत्तर

ब्लूजच्या कडव्यात बहुधा तीन ओळी असतात: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी तिला उत्तर देणारी. प्रत्येक ओळीला चार बार. गायक साधारण पहिले दोन बार आणि फार तर तिसऱ्याची सुरुवात व्यापतो. उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. म्हणजे वाद्याची पाळी येते ती खालीच्या आसपास. विद्यार्थिनीला हे टाळीच्या भाषेत सांगितलं: समेपासून गुणगुणायचं, खालीपासून वाजवायचं. गुणगुणायला शब्द लागत नाहीत. 'आज पाणी आलंच नाही' या एका तक्रारीवरही बारा बार निघतात.

वाजवायला एकच वाक्य दिलं: ५ओ ४ओ ४फुं ३फुं. खालीच्या पुढच्या, म्हणजे दहाव्या मात्रेवर उचल, एका मात्रेला एक सूर, तेराव्या मात्रेवर ३फुं ला मुक्काम. कोमल नी, प, म, सा. पहिल्या ओळीला हे, दुसऱ्या ओळीला हेच, काहीही न बदलता. तिला वाटलं तेच तेच होईल. मग वाक्य पहिल्या फेरीत जिथे होतं तिथून काढून समेपासूनच्या दोन बारांत आणलं, म्हणजे दुसऱ्या ओळीत ते सी कॉर्डवर पडतं. सूर तेच, पण 'सा'पाशी येणारा विसावा आता सी कॉर्डचा पाचवा सूर झालेला, त्यामुळे वाक्याचा चेहरा बदलला. नवीन सूर न आणता नवीन अर्थ येतो, हे कानाला पटल्याशिवाय नवशिका तक्ता खाली ठेवत नाही. लिटल वॉल्टर या ब्लूज हार्मोनिकावादकाची १९५२ सालची 'जूक' ही वाद्यरचना याच कारणासाठी ऐकायला दिली होती. तिच्या सुरुवातीलाही एक छोटा तुकडा न लाजता पुन्हा पुन्हा येतो.

वाक्याचा शेवट ३फुं ठेवला त्याला कारण आहे. सा तर २ओ लाही मिळतो, पण ४फुं वरून २ओ ला जायचं तर एक होल ओलांडावं लागतं आणि श्वासही उलटवावा लागतो. नवशिक्याचा श्वास आधी उलटतो, ओठ नंतर पोचतात, आणि वाटेत ३ओ खरवडला जातो. सी कॉर्डवर हा तोच मघाचा खडा. ३फुं शेजारी आहे, श्वास तोच राहतो, शिवाय छातीतली हवा बाहेर जाते. पण ३फुं कोरडा सूर आहे, त्याला वाकवता येत नाही, थरथरवलं तरी फार काही होत नाही. म्हणून श्वासासाठी ३फुं आणि रंगासाठी २ओ, असे दोन्ही शेवट तयार केले. शांततेच्या मात्रांत नाकाने हळू श्वास सोडायचा आणि ट्रॅक सुरू होण्यापूर्वी छाती निम्मी रिकामी ठेवायची. तिसऱ्या बारपासूनचा चिरकेपणा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गेला.

तिसरी ओळ वेगळी: बार ९ ला ४ओ पूर्ण चार मात्रा, बार १० ला ४फुं तीन मात्रा, बार ११ ला २ओ, आणि बार १२ च्या दुसऱ्या मात्रेपासून १ओ. शेवटचा १ओ म्हणजे पुढच्या फेरीचं दार उघडून ठेवणं.

कोमल ग

तिसऱ्या आठवड्यापासून रोजच्या वीस मिनिटांतली पाच मिनिटं बेंडला. सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच.

बेंड जोराने होत नाही. खणातल्या दोन पत्त्यांपैकी ओढीची पत्ती वरच्या सुराची असते (१ ते ६ होलमध्ये). तोंडातली पोकळी बदलली की खालच्या सुराची फुंकीची पत्ती आवाजात सामील होते आणि सूर खाली सरकतो. त्यामुळे सूर किती खाली जाईल हे दोन पत्त्यांतल्या अंतरावर ठरतं. १ओ, ४ओ आणि ६ओ अर्धा सूर उतरतात, २ओ दोन अर्धे सूर, ३ओ तीन अर्धे सूर. ५ओ मध्ये ई आणि एफ लगतचेच आहेत, मध्ये सूरच नाही. विद्यार्थिनी बाकीच्यांसारखा ५ओ सुद्धा वाकवायचा जिवापाड प्रयत्न करत होती. असं केल्याने पत्ती थकते, पितळेला बारीक चीर जाते आणि सूर कायमचा उतरतो. तिचा ५ओ वाचला होता. ९ओ हाही एफच, त्याच्याशी ट्यूनरवर ताडून पाहिला.

तोंडात करायचं ते मराठी स्वरांनी सांगता येतं. श्वास आत घेत, कुजबुजत 'ई' म्हणायचं आणि हळूच 'ऊ' कडे न्यायचं. ओठ हलवायचे नाहीत; जिभेचा उंचवटा मात्र 'क' म्हणताना टाळूला जिथे लागतो त्या दिशेने मागे जातो, टाळूला न टेकता. जोर गरम चहाच्या भुरक्यापेक्षा कमी. आधी ४ओ, कारण तो एकाच पायरीचा आहे, चुकायला जागा थोडी. पाचव्या दिवशी ट्यूनरची सुई डीवरून हलली, दहाव्या दिवशी डी फ्लॅटला टेकली. तीव्र म मिळाला.

३ओ ने मात्र छळलं. तिथे तीन पायऱ्या आहेत, बी फ्लॅट, ए आणि ए फ्लॅट, आणि नवशिक्याचा बेंड पहिल्या पायरीवर न थांबता सरळ 'ए'वर घसरतो. ए म्हणजे रे. कोमल गऐवजी रे लागला की वाक्य भावगीतासारखं वळतं. उपाय: मोबाइलच्या पियानो ॲपवर बी फ्लॅट दाबून ठेवायचा आणि ३ओ′ शांततेतून थेट लावायचा, वरून घसरत यायचं नाही. चार मात्रा धरायचा, सोडायचा, पुन्हा. मींड शिकलेल्या माणसाला वरून घरंगळत यायचा मोह होतो आणि मुक्कामाचा सूर कधीच पक्का होत नाही.

दुसरा मोह रागाचा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे तिने लगेच धानी म्हणून ओळखलं, आणि मग शुद्ध ग टाळायला लागली. ब्लूजमध्ये दोन्ही ग चालतात. कॉर्डमध्ये शुद्ध ग वाजत असताना वर कोमल ग घासणं हाच तर रंग आहे. मुरलेले वादक बी फ्लॅटच्या किंचित वर, दोन्हींच्या मध्ये थांबतात. तिला ठोकळ नियम दिला: जी कॉर्डवर दोन्ही ग, सी कॉर्डवर फक्त कोमल. डी कॉर्डवर सध्या ग नकोच.

आठव्या आठवड्याचं रेकॉर्डिंग

त्याच ट्रॅकवर पुन्हा तीन फेऱ्या. नववा बार तिन्ही वेळा सापडला. वाक्यं दोन-चारच, पण प्रत्येक कुठे संपणार हे वाजण्याआधी कळत होतं, आणि खालीपर्यंतची शांतता तिने धरून ठेवली. ३ओ′ निम्म्या वेळा जागेवर, उरलेल्या वेळी 'ए'कडे घसरलेला. जिथे घसरला तिथे पुढे २ओ आल्यामुळे भागून गेलं. तिसऱ्या फेरीत, कुणी न सांगता, तिने ४ओ ४ओ′ ४फुं असा तुकडा टाकला. प, तीव्र म, म. तो मात्र ऐकण्यासारखा होता.

९० च्या गतीला सगळं कोसळतं: बेंड आधी जातात, मग मोकळ्या जागा. त्यामुळे गती आठवड्याला पाचनेच वाढवायची, आणि ३ओ′ सलग चार फेऱ्या टिकल्याशिवाय वाढवायचीच नाही असं ठरलं. वरची ७ ते १० होल्स अजून उघडलेली नाहीत. तिथे ओढ नव्हे, ८ ते १० ची फुंक वाकते. जिमी रीड हा ब्लूज वादक अनेकदा तिथे, आणि पहिल्या पोझिशनमध्ये (हार्मोनिकाच्या स्वतःच्याच पट्टीत), वाजवत असे. म्हणजे तिच्या जुन्या सवयीचा ४फुं-सा अगदीच वाया जाणार नाही, पण ते पुढच्या वर्षी.

तिच्या ओळखीचा गिटारवाला ई पट्टीत वाजवतो, म्हणून पुढची खरेदी ए पट्टीची हार्मोनिका. होलांचे आकडे, मुक्काम, वाक्यं, सगळं जसंच्या तसं. २ओ तिथे ई होईल. पत्त्या सीपेक्षा खालच्या सुराच्या असल्याने बेंडला पोकळी मोठी लागते आणि जीभ आणखी थोडी मागे न्यावी लागते, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ३ओ′ पुन्हा हातचा जाणार हे तिला सांगून ठेवलं आहे.